गॅलरीतला फोन

नातीने परवा मोबाइलवर जुन्या मॉडेमची किरकिर ऐकवली आणि माझं डोकंच फिरलं.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लालबागच्या आमच्या खोलीत माझी लेक सुनंदा सेकंडहँड कॉम्प्युटरशी झगडत होती. फोनवरून ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडणारा तिचा टर्मिनलचा प्रोग्राम दोन ओळी धड दाखवायचा, मग पडदाभर नुसता कचरा! तिने स्पीड कमी केला, सेटिंगं बदलली, वायर पुन्हा खोचली. संध्याकाळपर्यंत काम पोचलं नाही तर नोकरी जाणार होती पोरीची.

"आई, प्रोग्राम बरोबर आहे गं. लाइनच कोणीतरी तोडतंय."

मी तरातरा बाहेर गेले. त्याच लाइनीवरचा दुसरा फोन आम्ही चाळकऱ्यांसाठी गॅलरीत ठेवला होता. आमचे हे रिसीव्हर कानाला लावून बसलेले.

"अहो, काय करताय?"

"फोन चालू आहे का बघतंय गो. गिरणीतून बोलावणं आलं तर?"

गिरण्यांच्या संपाला वर्षं लोटली होती. "गिरणीत भंगारवाले शिरलेत आता!" मी ओरडले. त्यांनी गुपचूप रिसीव्हर ठेवला. सुनंदाचं काम ऑफिसात पोचलं एकदाचं.

संपानंतर "बोलावू" म्हणून यांना घरी धाडणाऱ्या गिरणीतल्या त्या साहेबाचा राग अजून जात नाही. "नाही" म्हणायला काय जात होतं मेल्याचं?