देवकाबाईचा गोड चहा

गोंदियाच्या दवाखान्याच्या बाकावर पिशवी ठेवून मी देवकाबाईची जागा धरली होती. अर्जुनी मोरगावकडून येणारी गाडी केव्हाच येऊन गेली होती. फोन वाजला, नाव तिचंच दिसलं, म्हणून उचलता उचलताच मी रागावले, "गाडी चुकवली न पुन्हा?" पलीकडून तिची सून ममता बोलली. "बाई, आई गेल्या. काल सकाळी छातीत दुखलं... दवाखान्यात नेता नेताच गेल्या." एक माणूस बाकाशी येऊन "यहाँ कोई बैठा है क्या?" असं विचारत होता आणि मी त्याला "हो" म्हटलं, एवढं आठवतं. माझा नंबर पुकारेपर्यंत पिशवी तिथेच होती.

हा बाक मानसिक आजारांच्या ओपीडीच्या दाराशी आहे, हे आधीच सांगून टाकते. लपवालपवीला मी आता कंटाळले आहे. मी निवृत्त शिक्षिका, इथे जवळच फुलचूरला एकटीच राहते. उदासीचा आजार मला नोकरीत असतानाच जडला. खडू उचलायचं बळ नसायचं, आणि घरी आलं की साडीही न बदलता भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. लोक म्हणत, बाईला काय कमी आहे. तेच तर मलाही कळत नव्हतं. देवकाबाईचं वेगळं होतं. तिला आवाज ऐकू येत. धानाच्या रोवणीच्या रांगेत वाकलेली असली की सगळ्या बाया आपल्याचबद्दल कुजबुजताहेत असं वाटून ती हातातली रोपं टाकून बांधावर जाऊन बसे. आधी अंगारे-धुपारे झाले, मग तिच्या भावानं तिला घरी-गावात कोणाला न सांगता इथे आणलं. गोळ्यांनी आवाज मागे सरले. "पुरे नाई गेले बाई," ती म्हणे, "पर आता आंगनात रायतेत. घरात नाई येत."

मला मधुमेहही आहे. आपल्याकडे त्याला शुगर म्हणतात, आणि शुगर कोणी लपवत नाही, उलट लग्नाच्या पंगतीत मोठ्यानं सांगतात. देवकाबाईनं हे बरोबर हेरलं. तेव्हा तिच्या मुलासाठी मुली पाहणं सुरू होतं. एकदा बाकावर बसल्या बसल्या म्हणाली, "बाई, तुमची बिमारी मले उधार द्या. येड्या बाईच्या पोराले कोन पोरगी देईल? शुगरवालीच्या पोराले देतेत." मी हसले, मला वाटलं गंमत करतेय. पुढच्या महिन्यात कळलं, देवकाबाईला शुगर निघाली आणि गोंदियाची गोळी चालू आहे, हे गावभर झालंसुद्धा.

मुलाचं लग्न झालं, पण उधार घेतलेली शुगर घरातच राहिली. ममता पथ्याची मोठी पक्की निघाली. सासूचा चहा फिका, जिलेबी दुरूनच पाहायची, सकाळी कारल्याचा रस, आणि भात बंद. आमच्या या धानाच्या मुलखात भाताशिवाय जेवण झालं असं कोणी मानत नाही, आणि ही बाई स्वतःच्या हातानं रोवलेल्या धानाचा भात सोडून पोळ्या चावत बसे. "सांगून टाक आता," मी म्हणायची. तर म्हणे, "नातवाचं लगीन होऊ द्या." नातू तेव्हा रांगत होता. मग दर महिन्याला दवाखाना आटोपला की ती माझ्याकडे येई. माझा चहा फिका, तिचा तीन चमचे साखरेचा, आणि वर कुकरभर भात. माझ्या घरात साखर यायची ती फक्त तिच्यासाठी. भात ती ताट पुसून खाई. एकदा कप खाली ठेवून म्हणाली, "असा एक कप माह्या घरी चुलीपाशी बसून प्यावा वाटते, बाई. लपून नाई." उधारीची शुगर सोडली तर दुसरं काही तिनं कधी मागितल्याचं मला आठवत नाही.

पुढे गावात आरोग्य शिबिर झालं आणि घोटाळा झाला. रक्त तपासलं, शुगर नॉर्मल. पथ्य असावं तर देवकाबाईसारखं, असं गावानं कौतुक केलं. मुलगा खूश होऊन म्हणाला, "आता कायले खातेस वो आई गोळ्या? बरी झालीस न." आणि त्यानं गोळ्यांची डबी उचलून वर फळीवर टाकली. दोन महिने ती आली नाही, फोनही उचलला नाही. मी आपली बाकावर पिशवी ठेवत होते. आली तेव्हा गालफडं बसली होती आणि बोलताना नजर माझ्या खांद्यामागे जात होती. "आंगनातले घरात आले होते, बाई... सुनेनं गोळ्या पुन्हा चालू केल्या. म्हणे, शुगर वाढली असन." त्यावर आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

तेरवीला मी गेले. ममतानं फोटोपुढे ताट वाढलं होतं, पोळी, भाजी, आणि बाजूला कपात चहा. "आईले फिकाच लागे," ती मला म्हणाली. मला राहवलं नाही. "साखर टाक, ममता. भातही वाढ. तिला शुगर नव्हती." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मालूम हाये." सासू आजारी पडली तेव्हा फळीवरची डबी उतरवून तिनं औषधाच्या दुकानात दाखवली होती आणि गोळ्या कशाच्या ते विचारून घेतलं होतं. "कोनाले नाई सांगतलं मी. घरात कोनाले मालूम नाई, असंच आईले वाटे. मी बोलली असती तर त्यायले शरम वाटली असती न... म्हून फिकाच देत राहिली." आणि इकडे देवकाबाई तो फिका चहा मुकाट्यानं पीत राहिली. एका चुलीपाशी दोघी बसत, आणि दोघी एकमेकींना सांभाळत होत्या. मला त्या दोघींचा राग आला, आणि मग रडूच आलं. ममतानं कपात साखर घातली आणि कितीतरी वेळ ढवळत राहिली. मी निघताना म्हणाली, "लिवा बाई तुम्ही. बिमार होती, पर घर चालवलं तिनं, असं लिवा."

परवा पुन्हा ओपीडीचा दिवस होता. या खेपेला पिशवी मांडीवरच घेऊन बसले. शेजारी एक बाई येऊन बसली. घरी आले, दुपारची गोळी घेतली, चहा ठेवला, तो सवयीनं दोघींचा झाला. साखरेचा डबाही काढून झाला होता. तो अर्धा भरलेला आहे. मला साखर चालत नाही, आणि माझ्याकडे दुसरं कोणी येत नाही.