कापसाच्या ढिगातले केस

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले तेव्हा राळेगाव तालुक्यातल्या आमच्या घराची पुढची खोली कापसाने भरलेली होती. भाव चढेल म्हणून बाबांनी कापूस ठेवून दिला होता आणि भाव काही चढत नव्हता. माझं आणि बाळाचं अंथरूण आतल्या खोलीत होतं, पण सरकीचा तो कोमट, तेलकट वास घरभर असायचा. लेकीचं लहानपण आठवायला बसले की अजूनही आधी तोच वास येतो, मग तिचा चेहरा.

दिवस असताना माझे केस कधी नव्हे इतके दाट झाले होते. कंगवा अडकायचा. माय वेणी घालताना म्हणायची, "आता कुठं माही लेक शोभून राह्यली." मायच्या केसांना आमच्या भागात नाव होतं. वेणी सोडली तर कमरेच्या खाली जायची आणि अंबाडा एवढा मोठा की वेचणीला वाकलेल्या बायांमध्ये बांधावरूनच ती ओळखू यायची. वेचताना ती डोक्याला फडकं घट्ट बांधायची. कापसात केस गेला तर कापूस खराब धरतात, हे तिने मला लहानपणीच सांगितलं होतं.

नवऱ्याची बदली महागावला झाली होती आणि तिथे खोली मिळेपर्यंत मी माहेरीच राहायचं ठरलं. डिंकाचे लाडू खाऊन, शेक-धुरी घेऊन मी चांगली गुटगुटीत झाले होते. लेकीला चौथा महिना लागला, ती माझ्याकडे बघून हसायला लागली, आणि माझे केस गळायला लागले. न्हाताना मोरी तुंबायची. उशीवर, बाळाच्या मुठीत, वरणात, सगळीकडे केस. कपाळाच्या दोन्ही बाजू इतक्या उघड्या पडल्या की मी आरशासमोर उभी राहणं सोडलं.

"बाळ मायले वळखाले लागलं का मायचे केस जाते," माय म्हणाली. "तू झाली तवा माहे बी गेलते. येते परत."

शेजारच्या काकूंना ते पटायचं नाही. त्यांच्या मते फवारणीचं औषध विहिरीत उतरलं होतं, नाहीतर कोणाची तरी नजर लागली होती. त्यांनी दोन्हींवर उपाय सांगितले. कांद्याचा रस चोळून पाहिला, जास्वंद वाटून लावली. केस गळायचे तसे गळतच राहिले.

एका संध्याकाळी बाबा पुढच्या खोलीत कापसाच्या ढिगाशी बसलेले दिसले. चष्मा लावून, वाकून, कापसातून एकेक केस काढत होते आणि बोटाला गुंडाळत होते. मला बघून जरा ओशाळले.

"वाऱ्यानं उडून येते," ते म्हणाले. "पर हे सारे तुहे नाही, पोरी. यातले पांढरे कोनाचे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझे केस काळे, बाबांचे आखूड; लांब पांढरे केस मायचेच असणार. त्या दिवसापासून मी तिच्याकडे बघायला लागले. ती अलीकडे पदर डोक्यावरून पुढे ओढून घ्यायची, घरातसुद्धा. न्हायला सगळ्यांच्या आधी उठायची आणि मोरी स्वतःच साफ करायची. थंडीत आम्ही गोधडीत गुरफटलेले असताना ती उठून बसायची, पदराने वारा घ्यायची, तोंडावर पाणी मारायची. मी विचारलं तर म्हणायची, "काही नाही, चुलीची आच लागली." चूल कधीच विझलेली असायची.

ती वर्षं तशीच होती. कपाशीवर अळी पडायची, औषध लागू व्हायचं नाही, आणि पारावर माणसं बसली तरी बोलणं हळू आवाजात. अशा दिवसांत घरातली बाई आपलं दुखणं बोलून दाखवत नसे. मायनेही नव्हतं दाखवलं.

लेकीच्या लसीसाठी आम्हाला यवतमाळला जायचं होतं. मी म्हटलं, लेकीला धरायला तू चल. सकाळच्या एसटीने आम्ही गेलो. लस झाल्यावर बाजूच्याच गल्लीत एक डॉक्टरीणबाई बायकांचे आजार बघायच्या, त्यांच्याकडे मी माझ्या केसांसाठी नंबर लावला.

त्या मोकळ्या स्वभावाच्या होत्या. माझे केस बोटांनी विलग करून बघितले आणि म्हणाल्या, "दिवस असताना अंगात जे हार्मोन वाढतात, त्यामुळे गळायचे केससुद्धा टिकून राहतात. बाळंतपणानंतर ते उतरतात आणि थांबलेले सगळे केस एकदम जातात. टक्कल पडणार नाही. वर्षभरात भरून येतील. तरी रक्त आणि थायरॉईड तपासून घेऊ."

मी उठायला लागले. मायने माझा हात धरून मला परत खाली बसवलं. लेकीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि डोक्यावरचा पदर मागे केला. तिचा भांग रुंद झाला होता, बोटभर. तो प्रसिद्ध अंबाडा आता लिंबाएवढा राहिला होता. आत चिंध्या कोंबून ती तो मोठा दाखवत होती.

"बाई, मी तं बाळंतीण नाही," ती म्हणाली. "मंग माहे काहून जाऊन राह्यले?"

डॉक्टरीणबाईंनी वय विचारलं, पाळी विचारली. माय माझ्याकडे न बघता उत्तरं देत होती. पाळी चुकत चुकत बंद झाली होती. अंगातून वाफा निघायच्या. झोप नव्हती. छातीत धडधड व्हायची.

"मले वाटलं, मोठा आजार हाय," ती म्हणाली. "आमच्या काकीचे असेच केस गेलते, मंग ते गेली. मी म्हटलं, नातीचं बारसं तं झालं. आता कोनाले सांगून काय करता. घरात हे असं साल."

मी तिच्या शेजारी बसून होते आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तोही तिने परक्या बाईसमोर झटकला नाही, इतकी ती खचलेली होती.

डॉक्टरीणबाईंनी तिला पाणी दिलं. काकीला काय झालं असेल ते सांगता येणार नाही, पण हा आजार नाही, म्हणाल्या. पाळी जाताना तेच हार्मोन कमी होतात. तुमच्या या लेकीचे बाळंतपणाने एकदम उतरले, तुमचे हळूहळू उतरत आहेत. लेकीचे केस परत येतील. तुमचे पूर्वीसारखे येतीलच असं नाही, पण आहेत ते सांभाळता येतात. रक्त तपासलं तेव्हा तिच्या अंगात रक्त बरंच कमी निघालं. माझं सगळं ठीक होतं. तिला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, "डोकं कशानं धुता?"

"कपड्याच्या वडीनं," माय म्हणाली. "नाहीतर सोडा टाकून."

ते बंद करायला सांगितलं. कढत पाणी नको, ओले केस विंचरायचे नाहीत, कंगवा रुंद दातांचा घ्यायचा आणि अंबाडा इतका ओढून बांधायचा नाही. "मुळं आता नाजूक आहेत. एवढ्या लांब केसांचं वजन त्यांना ओढतं. थोडे कापले तर बरं."

परतीच्या एसटीत माय खिडकीशी बसली होती. मग लेकीच्या टाळूवर हात फिरवत म्हणाली, "म्हंजे मी मरून नाही राह्यली." आणि हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली, तर माय तिलाच म्हणाली, "काही नाही व बाई, नातीले घेऊन चाललो घरी."

घरी सोडा बंद झाला. रिठे आम्ही रात्री भिजत घालायचो आणि त्यात थोडी शिकेकाई टाकायचो. एकीने दुसरीच्या डोक्यावर कोमट पाणी ओतायचं. खोबरेल पूर्वी ती खसाखसा चोळायची, आता बोटांच्या टोकांनी जिरवायची. केस अंगणातल्या मांडवाखाली वाळवत आम्ही दोघी बसलेल्या असायचो, मध्ये लेक. एवढा निवांतपणा आम्हाला माझ्या लग्नाआधीही कधी मिळाला नव्हता.

कापण्याचं मात्र अडलं होतं. नवरा असताना बाईने केस कापणं गावात अशुभ. मायने बाबांना विचारलं तेव्हा ते दावं वळत होते.

"डोकं तुहं हाय," ते म्हणाले. "मले कायले इचारतं? मी मिशी काढली तवा तुले इचारलं होतं काय?"

दुसऱ्या दिवशी मी मायची वेणी घालून वर आणि खाली दोरा बांधला आणि कात्री चालवली. ती डोळे मिटून बसली होती. काकू नेमक्या तेव्हाच आल्या आणि दारातच थबकल्या.

"हे काय अभद्र करून राह्यली व? धनी जिता असून?"

"म्हनूनच करून राह्यली," माय डोळे न उघडता म्हणाली. "त्यायले अजून लय वर्षं माह्या हातचं खायचं हाय."

काकूंनी चपला दारात काढल्या. मग आत येऊन टोकं सारखी झाली का ते बघायला लागल्या. गोळ्यांचं, वाफांचं सगळं ऐकून घेतलं. जाताना मला बाजूला घेऊन डॉक्टरीणबाईंची गल्ली कोणती ते विचारलं.

केसांवर भांडी देणारी बाई गावात आली तेव्हा मायने ती वेणी देऊन स्टीलचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, घेतला. बाळाच्या अंघोळीचं पाणी त्यात तापायचं. बाबांनी कापूस शेवटी मिळेल त्या भावात देऊन टाकला आणि पुढची खोली रिकामी झाली. तिथे लेक पालथी पडायला शिकली.

उन्हाळ्यात चुलतभावाचं लग्न निघालं. काकूंनी मायसाठी कुठून तरी खोट्या केसांचं गंगावन आणलं, म्हणाल्या, चारचौघांत बरं दिसते. माय ते लावून आरशासमोर बसली. गंगावन काळंकुळकुळीत, वरचे केस करडे. तिने मान इकडे वळवली, तिकडे वळवली आणि पोट धरून हसली. मग ते काढून काकूंच्या हातात दिलं. पाठीवर रुळणारी बारीक वेणी घालून, त्यात मोगरा पिनेने अडकवून ती मांडवात गेली. दोन-चार बायांनी विचारलंच. तिने त्यांना लपवून काही सांगितलं नाही, पाळीपासून सगळं सांगितलं, जेवणाच्या पंगतीत, मोठ्याने. बाबा वाढत होते. ते ती पंगत सोडून दुसऱ्या पंगतीत वाढायला गेले.

मी महागावला गेले तोवर माझ्या कपाळावर आखूड, उभे, हट्टी केस उगवले होते. ते कितीही तेल लावलं तरी बसायचे नाहीत. मायचे पूर्वीसारखे आले नाहीत, पण गळणं थांबलं आणि तिला झोप लागायला लागली. पुढच्या हंगामात ती वेचणीला गेली तेव्हा फडकं तिने सैल बांधलं होतं, आणि बांधावरून आता ती कोणाला लगेच ओळखू येत नव्हती.