खोक्यातली मांजर

जिन्याखाली एक मांजर पडली होती. तिचा मागचा पाय गाडीखाली आला होता. मी हळद लावून जुन्या साडीची चिंधी बांधली. घरात लेकीचं दहा दिवसांचं बाळ, त्यामुळे तिला आत घेता येईना. म्हणून खोक्यात घालून दाराबाहेर ठेवली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, दारात मेली तर सोन्याचं मांजर करून काशीला सोडावं लागतं. माझ्याकडे नको, पलीकडे सरकव."

मला उलट बोलता येत नाही. त्यांनीच पायाने खोकं पुढच्या दाराशी लोटलं. तिथून ते आणखी पुढे गेलं. संध्याकाळी चार दारं फिरून माझ्याकडे परत आलं. दिवसभरात कुणी तिला घोटभर पाणी पाजलं नव्हतं.

एकादशीला मुंग्यांना साखर घालणारी ही माणसं. पाप त्यांना केरासारखं वाटतं. शेजारच्या दारात लोटलं की आपलं घर स्वच्छ. खरं लिहायचं तर मीही खोकं आमच्या उंबऱ्यापासून हातभर लांबच ठेवलं होतं.

मी रोज वाटीने दूध पाजत राहिले. आठव्या दिवशी ती तीन पायांवर उठली. काकू कौतुकाने म्हणाल्या, "वाचवली बाई आपण सगळ्यांनी."

मांजर लंगडत सगळ्या दारांवरून गेली. एकाही दाराकडे तिने पाहिलं नाही. माझ्याही नाही.