गळ्यातलं घर

ताबीजवाले चाचा कुठंही गेले की बसायला सतरंजीचा तुकडा आपला आपण नेत. उठले की तो झटकत आणि वर एक फुंकर मारत. आपण इथं बसलो होतो हे माशीलासुद्धा कळू नये, असा त्यांचा हट्ट. उर्दू शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांना कॉम्प्युटरचा नाद लागला, आणि तिथंही त्यांनी हीच शिस्त चालवली.

दुसरबीडला रस्त्यालगत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं. चाचांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला पेनड्राइव्ह असे. लोक त्यालाच ताबीज म्हणत. लिहायची, फोटो पाहायची, अशी सगळी सॉफ्टवेअरं त्यातच, मराठी अक्षरांसकट. तो माझ्या कॉम्प्युटरला लावायचा, त्यातूनच काम उरकायचं आणि काढून पुन्हा गळ्यात. माझ्या कॉम्प्युटरमध्ये काही टाकणं नाही की ठेवणं नाही. म्हणत, "भाभी, कोनाच्या भिंतीत खिळा ठोकू नये. आपलं घर आपल्या गळ्यात. बसा, उठा, निघा."

माझा कॉम्प्युटर म्हणजे लग्नघर. जो येईल त्याच्याकडून मी काहीतरी टाकून घेई: पत्रिकेच्या महिरपी, कुंडल्या, नाचणारी घड्याळं. तो सुरू होईपर्यंत माझा कुकर लावून व्हायचा. "पाव्हने लई झाले, भाभी," चाचा म्हणत, "यजमानाले झोपाले जागा नाही राह्यली." मला राग येई. सर्टिफिकेटवाली बाई ना मी! चप्पल काढल्याशिवाय कोणाला कॉम्प्युटरजवळ फिरकू देत नसे. व्हायरस पायातून येतो, अशी माझी ठाम समजूत होती.

त्या वर्षी आमची बीटी कपाशी बाहेरून हिरवीगार आणि बोंड फोडलं की आत अळी, मांडी घालून बसलेली. "हिच्या वाटेले अळी जातच नाही," असं बियाणं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. नुकसानीच्या पाहणीचे साहेब दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होते. साहेब लोक सडकेकडेची शेतं पाहून पुढं जातात. आमचं शेत पार नाल्यापलीकडं. फोटो दाखवून त्यांना आत न्यायचं, एवढाच मार्ग होता. मी फोटो कॉम्प्युटरमध्ये घातले, खाली टिपणं टाइप केली. चाचा म्हणाले, "एक कॉपी माझ्या घरात राहू द्या. एक खोली तुमची." मी नाक मुरडलं, पण दिली.

दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि सारी भिस्त त्याच्यावरच, म्हणून नारळही त्याच्याचसमोर दणकून फोडला. पाणी गेलं थेट खाली ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या डब्यात. आत चुर्र झालं आणि पडदा काळा पडला. आमचे हे बघतच राहिले. "काऊन व, देवाले पाजलं का मशीनले?"

सकाळी साहेब ग्रामपंचायतीत येऊन बसले. मी चाचांना घेऊन तिथं गेले. तिथला ऑपरेटर कॉम्प्युटरला हात लावू देईना. "यात काही टाकाले मनाई हाय."

"टाकतो कुठं, बाबू?" चाचा म्हणाले. "बसतो अन् उठतो."

ताबीज लागलं. त्या कॉम्प्युटरमध्ये मराठी अक्षरं नव्हती. ती चाचांनी घरून आणलेली. पडद्यावर बोंडं उघडली, अळ्या दिसल्या, खाली माझी टिपणं स्वच्छ. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "कुठं आहे हे शेत?"

बूट हातात घेऊन साहेबांनी नाला ओलांडला, स्वतःच्या हातानं बोंड फोडलं आणि आमच्या शेताचा पंचनामा झाला. चाचा मात्र आले नाहीत. ते तिकडं ऑपरेटरच्या की-बोर्डवर फुंकर मारत होते.

पुढं चाचा लेकाकडं जालन्याला गेले. निघताना दोरा गळ्यातून काढून माझ्या टेबलावर ठेवला. "तुमची खोली यातच हाय, भाभी. नारळापासून दूर ठेवा."

ते परत आले नाहीत. आता आम्ही सोयाबीन पेरतो, दुकान सून पाहते आणि दसऱ्याचा नारळ मी अंगणात, कॉम्प्युटरकडं पाठ करून फोडते. जन्मभर कोणाच्या भिंतीत खिळा न ठोकणारा माणूस. पण आमच्या दुकानाच्या भिंतीत त्यांच्या नावाचा एक खिळा आहे. त्यावर ते ताबीज असतं. खिळा मीच ठोकलाय.