आमचे व्याही आणि उलटी सायकल

जळगाव जिल्ह्यात आमच्या व्याह्यांनी ज्याला मदत केली नाही असा सायकलवाला सापडणार नाही, आणि त्या मदतीतून सुखरूप सुटला असाही सहसा सापडणार नाही. हे मी कौतुकानं म्हणत नाही आणि निंदेनंही म्हणत नाही. माझी लेक मंगल त्यांच्या घरात दिलेली आहे, म्हणून तोंड सांभाळून बोलते, इतकंच. माणूस सरळ आहे. उंच, वाळका, डोक्याला पांढरा रुमाल, आणि पायजमा चेनीत अडकू नये म्हणून त्याला खाली कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले. पाइपच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी काळी सायकल घेऊन ते जळगावातल्या पिंप्राळ्यातून जे बाहेर पडले, ते अजून रोज पडतातच आहेत.

सायकलवाल्यानं सायकलवाल्याला तसंच ओलांडून जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं चांगलंच आहे. पण रस्त्याच्या कडेला सायकल उभी दिसली की ती बिघडलेलीच असणार, अशी त्यांची पक्की समजूत. माणूस फोनवर बोलायला थांबतो, विडी ओढायला थांबतो, उगाच थांबतो, हे त्यांना मान्य नाही. "काय झालं भाऊ? मदत पाहिजे का?" असं ते लांबूनच ओरडतात, आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याची सायकल हँडलावर आणि सीटवर उलटी उभी झालेली असते. उलटी केल्याशिवाय सायकलचा आजार कळत नाही म्हणे. मग ते चाक फिरवतात, कान लावतात आणि डॉक्टरसारखं "हं" करतात. त्या "हं"नंतर चांगली सायकल चांगली राहत नाही.

एकदा धुळ्याला लग्न होतं. आम्ही सगळे एका गाडीत. पारोळ्याच्या पुढं बाभळीला टेकवलेली एक सायकल दिसली, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅना, आणि माणूस कुठंच नाही. "थांबव, थांबव!" व्याह्यांनी गाडी थांबवायला लावली. मी म्हटलं, "अहो, अक्षता टळतील." ते म्हणाले, "अक्षता आपल्यावाचून पडतील, विहीणबाई. हा बिचारा कुठं मेकॅनिक शोधत हिंडत असेल?" तो बिचारा झुडपामागं लघवीला गेला होता. परत येऊन बघतो तर कॅना मातीत मांडलेल्या, सायकल उलटी, आणि लग्नाच्या कपड्यातला एक म्हातारा तिची चेन काढून हातात धरून बसलेला. "आबा, सायकल बरी शे! हात नका लावू!" तो ओरडत आला. व्याही म्हणाले, "बरी आहे असं तुला वाटतं." चेन परत बसेना. शेवटी दूधवाल्यानंच बसवली आणि जाताना आमच्याकडं असं बघितलं की गाडीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. आम्ही पोचलो तेव्हा पंगती उठत होत्या. व्याह्यांच्या सदऱ्यावर काळे डाग, आणि चेहरा मात्र वरबापाहून प्रसन्न.

त्या भागातले नेहमीचे सायकलवाले आता त्यांना ओळखतात. मी स्वतः पाहिलेलं सांगते, पंक्चर झालेला एक माणूस पांढरा रुमाल येताना दिसल्याबरोबर हवा नसलेल्या चाकावर बसून ठकाठक निघून गेला. हल्ली जळगावात रविवारी सकाळी घट्ट कपडे आणि डोक्यावर टोप घालून डॉक्टर मंडळी सायकली पळवतात. त्यातल्या एका दातांच्या डॉक्टरणीची महागाची सायकल व्याह्यांनी अशी उलटी केली की तिचा आरसा फुटला आणि दिवा वाकला. ती पाणी प्यायला थांबली होती. पोरगी भली, हसली आणि "थँक्यू आबा" म्हणाली. हे "थँक्यू" व्याह्यांनी पुढं वर्षभर सगळ्यांना ऐकवलं.

एवढी मदत वाटत फिरणारा माणूस, पण स्वतः कुणाची घेणार नाही. घ्यायची वेळ आली की त्यांचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा होतो. रस्त्यात स्वतःची सायकल बिघडली आणि कुणी विचारलंच, तर "वारा खातोय" म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात असाच वारा खात भर उन्हात उभे राहिले, चक्कर आली, आणि एका टेम्पोवाल्यानं त्यांना सायकलीसकट घरी आणून टाकलं. आमचे जावई फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. "आबा, पुन्हा एकदा जरी तुम्हाला कुणी आणून सोडलं, किंवा मला आणायला यावं लागलं, तर सायकल भंगारवाल्याकडं जाईल. मी दुसऱ्यांदा सांगणार नाही."

मंगल माझ्याकडं येऊन रडकुंडीला आली. सासऱ्यांच्या मायेनं नव्हे. "आई, सायकल गेली तर आबा दिवसभर घरात असतील. परवा पाऊस होता तर मिक्सर उघडून बसले. आता त्यातून चटणीच्या आधी धूर येतो. त्यांची सायकल गेली की मी तुझ्याकडं राहायला येते." मी म्हटलं, "इथं नको. मला माझा मिक्सर आहे." पण खरं सांगायचं तर विचार मलाही आला. त्यांची बायको, माझी विहीण, गेल्यापासून त्या माणसाला घर खायला उठतं, हे न सांगता दिसतं. बाहेर गेल्यावर तो दिवसभरात कुणाशी तरी बोलतो, भले ते लोक पळत का असेनात.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी मी मुक्ताईनगरला मुक्ताबाईच्या दर्शनाला गेले होते. परत येताना काळी-पिवळी जीपमध्ये पुढं बसले होते. वरणगावच्या अलीकडं केळीच्या बागेशेजारी पांढरा रुमाल दिसला. बाजूला काळी सायकल, उलटी. या वेळी दुसऱ्या कुणाची नव्हती. मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली आणि उतरले.

"काय व्याही, काय झालं?"

"काही नाही. केळी बघतोय."

"उलटी सायकल करून?"

 मागच्या चाकात हवा नव्हती. जमिनीवर पंप, पाना, सोल्यूशनची पिळून सपाट झालेली नळी. सकाळपासून ठिगळ लावत होते, हवा भरत होते, थोडं गेलं की चाक पुन्हा बसत होतं. ठिगळं संपली होती. काळे झालेले हात त्यांनी पाठीमागं लपवले.

"गाडीत बसा," मी म्हटलं. "सायकल टपावर टाकू."

"म्हणजे आणूनच सोडलं की मला! मुलगा दारातच उभा असेल. तुम्ही जा, विहीणबाई."

काळी-पिवळीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. "अक्का, येतेस का जाऊ?" मी जा म्हटलं. तो गेल्यावर व्याह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. विहिणीला उन्हात मैलाच्या दगडावर बसवून केळी बघत राहायचं, हे कुठल्या मानपानात बसतं? "हे काय केलंत तुम्ही?" म्हणाले. मी पदर डोक्यावर घेतला. "आता मलाही वारा खायचाय."

तेवढ्यात लांबून ते टोपवाले येताना दिसले. मी म्हटलं, "हाक मारा त्यांना. नाहीतर मी जावयांना फोन लावते." आणि खरंच फोन बाहेर काढला.

व्याही रस्त्याच्या कडेला गेले. हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला. तोंड उघडलं, पण मदत मागायची कशी हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. जिभेला जी सवय होती तेच बाहेर आलं, आणि तेही खणखणीत आवाजात: "काय झालं भाऊ? मदत पाहिजे का?"

झालं. पुढच्या टोपवाल्यानं रुमाल ओळखला. "आबा आले, आबा! पळा!" असं ओरडला आणि सगळी टोळी खाली वाकून अशी सुटली की जणू वाघ मागं लागलाय. मला हसू आवरेना. व्याही मात्र हात वर तसाच धरून उभे होते. तो हात बघितला आणि माझं हसू आपोआप बंद झालं.

सगळ्यात मागं ती दातांची डॉक्टरीण होती. तीही पुढं गेली. मग तिनं मान वळवून बघितलं. उलटी सायकल कुणाची आहे ते तिला दिसलं असावं. ती फिरून आली.

"आबा, पंक्चर?"

व्याह्यांनी घसा साफ केला. "या आमच्या विहीणबाई. यांचा खोळंबा झालाय. माझं तसं काही नाही."

"हो ना," ती मला म्हणाली, "तुम्हाला उशीर होत असेल." आणि माझ्यासाठी म्हणून तिनं त्यांचं चाक सोडवलं. टायरच्या आतून बोट फिरवलं, थांबली, आणि नखानं काहीतरी उपटलं. बाभळीचा काटा. सकाळपासून व्याही ट्यूबला ठिगळ लावत होते आणि काटा टायरमध्येच होता; दर वेळी नवं भोक पाडत होता. मी तोंड उघडणारच होते, तोवर तिनं माझ्याकडं बघितलं आणि काटा गवतात टाकून दिला.

"आबा, ट्यूबच खराब निघाली हो तुमची," ती म्हणाली. "हल्ली मालच तसा येतो."

"तेच मी यांना सांगत होतो," व्याही म्हणाले. मला काहीच सांगितलं नव्हतं. तिच्याजवळ ठिगळं होती. तिनं लावली, यांनी पंप मारायला घेतला. दम लागला तेव्हा तिनं पंप मागितला नाही, पाण्याची बाटली पुढं केली. पाणी पिऊन होईपर्यंत हवा भरून झाली होती.

ते सायकलवर गेले, मी दुसऱ्या गाडीनं. संध्याकाळी जावयांचा फोन आला, "आबा तुम्हाला भेटले होते म्हणे?" मी म्हटलं, "भेटले. केळी बघत होते. केळी चांगली आहे यंदा." खोटं त्यात काही नव्हतं.

सायकल राहिली. फेऱ्या मात्र आपोआप आखूड झाल्या. भुसावळ सुटलं, मग हायवे सुटला. आता पिंप्राळ्यातल्या पिंप्राळ्यात हिंडतात आणि कॉलनीतल्या पोरांच्या सायकली उलट्या करतात. माझंही घर तिथंच, म्हणून पोरांच्या आया माझ्याकडं तक्रार घेऊन येतात. मी म्हणते, "व्याही माझे, सायकल तुमची. माझं काय चालतंय?"

परवा सकाळी माझ्या फाटकाशी येऊन उभे राहिले. चेन पडली होती. एरवी मागच्या गल्लीनं सायकल ढकलत नेली असती, म्हणजे कुणाला दिसू नये. मी ओट्यावर मेथी निवडत होते. त्यांनी हँडल पुसलं, सीट पुसली. मग जमिनीकडं बघत म्हणाले, "विहीणबाई, जरा हँडल धरता का? एका हातानं जमत नाही आता."

मी आयुष्यात सायकलला हात लावला नव्हता. मेथी बाजूला ठेवली, उठले आणि धरलं. ते खाली बसले. बोटं काळी झाली, चेन एकदा बसली, पायडल फिरवलं तर पुन्हा निसटली. त्यांनी वर बघितलं.

मी म्हटलं, "लावा पुन्हा. मला कुठं जायचंय?"