छर्‍याच्या बंदुकीचं वायसर बदललं अन् भावाचा गाल फुटला

दोस्तहो, आजच घडलंय, म्हणून लगेच लिहायलोय.

आमच्याकडं आजोबांची स्प्रिंगवाली छर्‍याची बंदूक. ज्वारीवर राघू बसले की आबा, म्हणजे माझे वडील, बांधावर टांगलेल्या पत्र्यावर छर्रा मारायचे. ठण्णकन वाजलं की थवा उडायचा.

पण मार लय मऊ झालता. नळी जिथं दुमडून छर्रा भरतात, त्या सांध्यातलं चामड्याचं वायसर वाळून चिरलं होतं. सांध्यावर कापूस ठेवून चाप ओढला, तर कापूसच उडाला. हवा तिथूनच पळायलती.

काल मी जुन्या चपलेचं चामडं कापलं, तेलात भिजवलं अन् नवं वायसर बसवलं. कापूस हललाबी न्हाई. काय खूश झालो मी!

आज सकाळी मी आबांसारखाच पत्र्यावर नेम धरला. पत्र्याला आरपार भोक पडलं अन् मागच्या ज्वारीतून माझा भाऊ दत्ता किंचाळला. छर्रा गालात, डोळ्याच्या दोन बोटं खाली. बनियन रक्तानं भिजलं.

जिंतूरला टाके घालून आलो, तर आबा कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे पात्याच्या बोथट मागच्या बाजूनं, बंदूक ठेचायलते.

"ते वायसर फाटलेलं मला दिसत नव्हतं का रे, गाढवा? पत्र्यामागं माणसं राबतात, म्हणून मीच तसं ठेवलं होतं!"

"मग सांगायचं न्हाई का?" मी ओरडलो.

"तू इचारलं का?"

आता तुमीच सांगा, मोडकी वस्तू नीट करायच्या आधी ती मोडकीच का ठेवली, हे घरात कधी विचारलंय का?