मॅट्रिक झालेल्या नलूचा दाखवण्याचा कार्यक्रम

पुण्यातल्या एका नामांकित कॉलेजच्या मुलाखतीला मी माझ्या मुलीला हिरवं रेशमी पातळ नेसवून, डोक्यात अबोलीचा गजरा माळून नेलं होतं. तेव्हा मला त्यात काहीही चुकीचं वाटलं नाही.

साल दुष्काळाचं. आम्ही भिंगारला राहायचो, हे लष्कराच्या कचेरीत कारकून. आमची नलू मॅट्रिकला गणितात शहाण्णव, शास्त्रात नव्वद आणि मराठीत एक्केचाळीस मार्क घेऊन पास झाली. (एक्केचाळीस! आणि माझ्या माहेरी सगळे मराठीचे मास्तर!) तिला पुण्याला शास्त्र शाखेलाच जायचं होतं. ह्यांनी बजावलं होतं, "प्रवेश आणि राहायची सोय, दोन्ही मिळालं तर शीक. नाहीतर दिवाळीनंतर स्थळं बघायला लागू."

मुलाखतीचं बोलावणं आलं आणि पाठोपाठ शेजारच्या सगुणाबाई आल्या. त्या मूळच्या तिसगावच्या.

"वहिनी, लई कडक कालिज हाय त्ये! आमच्या शेवगावच्या पाव्हन्याचं पोरगं. नलूपरीस मार्क जास्ती, तरी न्हाई घेतलं!"

"मग बघतात तरी काय?"

"द्येवाला ठावं! पन निस्ते मार्क बघत न्हाईत, यवढं खरं."

(त्या पोराची बेरीज मोठी होती, पण शास्त्रात तो काठावर होता, आणि हे कॉलेज बेरजेपेक्षा गणित नि शास्त्राचे मार्क आधी बघतं, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.) मी आपला सरळ विचार केला. मुलीला बोलावलंय. समोर मोठी माणसं बसणार, प्रश्न विचारणार आणि मागाहून कळवणार. असा कार्यक्रम मला चांगला ठाऊक होता! माझा स्वतःचाच कितीदा तरी झाला होता!

मग पातळ आलं, गजरा आला, नलूनं भरलेला (म्हणजे मी भरलेला) टेबलक्लॉथ आला. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून शेवेचे लाडू केले. रेशनची साखर संपली होती, म्हणून गुळाचा पाक केला. तो जरासा पुढे गेला.

"आई, अगं कॉलेज आहे ते!" नलू एसटीत कुरकुरली.

"गप बस. खाली बघून बोलायचं. आणि विचारल्याशिवाय मुळीच बोलायचं नाही."

आत शिरताच मी तिला नमस्काराची खूण केली. नलू प्राचार्यांच्या पाया पडली, शेजारी बसलेल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांच्या पडली आणि मी कोपरानं ढोसल्यावर फाइल घेऊन आलेल्या कारकुनाच्याही पडली. तो बिचारा फाइल टाकून पळाला!

"नाव काय तुझं?" प्राचार्यांनी विचारलं.

"नलिनी," मी म्हणाले. "स्वभावानं शांत. वीस माणसांचा स्वयंपाक एकटी रेटते."

"गणितात शहाण्णव..."

"ते मनावर घेऊ नका हो! वेड आहे झालं. वय वाढलं की जाईल!"

नलूनं डोळे मिटले.

"मराठीत मात्र..."

"कावीळ झाली होती!" मी ठोकून दिलं.

"मला?" नलू डोळे उघडून म्हणाली.

"पेपर तपासणाऱ्यांना असेल!"

प्रकरण हातातून निसटतंय हे मी ओळखलं आणि त्यांच्या कागदांवरच टेबलक्लॉथ पसरला. वर लाडवांचा डबा उघडला. प्राध्यापकांनी भिडेखातर एक लाडू उचलला आणि चावला. कट्ट! आवाज लाडवाचा की दाताचा, ते कळेना.

"हा... कुणी केला?" त्यांनी गाल धरून विचारलं.

"हिनंच!" सवयीनं तोंडून निघून गेलं. (दाखवण्याच्या कार्यक्रमात बशीतलं सगळं मुलीनंच केलेलं असतं!)

नलू ताडकन उभी राहिली. "नाही सर, आईनं केला. पाक फार उकळला. पाणी उडून गेलं की गूळ निवताना असाच काचेसारखा घट्ट होतो."

"बरोबर!" प्राध्यापक दुखणं विसरून म्हणाले.

मला मात्र घाम फुटला. मुलीनं भर कार्यक्रमात आईला खोटं पाडलं! आता कसला प्रवेश! दिवाळीनंतरची स्थळं डोळ्यांपुढे रांगेनं उभी राहिली. मी उठले, हात जोडले आणि जीव तोडून म्हणाले, "जे काय असेल ते लवकर कळवा. आमच्याकडून होकारच समजा!"

प्राचार्यांना हसू आवरेना. "बाई, गणितात आणि शास्त्रात एवढे मार्क असलेली मुलगी आम्ही परत पाठवत नसतो. तिचा प्रवेश केव्हाच पक्का झाला. आज बोलावलं ते वसतिगृहासाठी. त्यासाठी आम्ही पालक बघतो."

"पालक?" मी लाडवांच्या डब्याचं झाकण लावून टाकलं. "मग... कसे वाटले?"

प्राचार्यांनी गाल चोळणाऱ्या प्राध्यापकांकडे पाहिलं, टेबलक्लॉथकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "मुलीच्या मार्कांकडे बघून पदरात घेतो!"

नलूचं लग्न पुढे यथावकाश झालं. पण तिच्या शहाण्णव मार्कांच्या जोरावर आमच्या घरातून पहिली उजवली गेले ती मी!